उमेदवारीची बखर

आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच ग्रामपंचायतीची कचेरी आहे. २०२४ साली पोळा झाल्यानंतर तेथे एक नवा मुलगा दिसू लागला. बारावी झालेला, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेने, आणि दुचाकी झाडाखाली लावताना ती उगीच दोनदा पुसायची सवय. मधल्या सुटीत सहज विचारले, तेव्हा म्हणाला, "ट्रेनिंगला लागलोय सर. सहा महिन्यांसाठी."

"काय शिकवतात?"

तो थोडा गोंधळला. "शिकवायचं असं काही नाही सर. ग्रामसेवकसाहेब सांगतील ते करायचं. दाखले काढायचे, घरपट्टीच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या."

हा मुलगा 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजने'तला. २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, जुलैत तिचा शासननिर्णय निघाला आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात तिचे मोठे कौतुक झाले. 'लाडक्या बहिणी'च्या पाठोपाठ आली म्हणून लोकांनी तिला 'लाडका भाऊ' हेच नाव दिले. १८ ते ३५ वयाच्या बेकार तरुणाने सहा महिने एखाद्या कारखान्यात, संस्थेत किंवा सरकारी कचेरीत काम शिकावे, आणि सरकारने त्याच्या खात्यावर बारावीवाल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविकावाल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० जमा करावे, अशी ही व्यवस्था. वर्षाला १० लाख तरुणांचे उद्दिष्ट होते आणि ५,५०० कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली होती. या रकमेस पगार म्हणावयाचे नाही. तिचे नाव विद्यावेतन.

मला पहिल्याने त्या मुलाचे बरे वाटले. पारावर बसून मोबाइल चाळण्यापेक्षा कचेरीत बसलेला काय वाईट? मग हळूहळू एक जुना शब्द मनात येऊन बसला, तो काही केल्या उठेना. तो शब्द 'उमेदवार'.

आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण फारसीत 'उमेद' म्हणजे आशा, आणि आशा धरून राहिलेला तो उमेदवार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा शब्द कचेरीच्या ओसरीवर बसलेल्या माणसाचा होता. चार इयत्ता शिकलेला, बरे अक्षर असलेला मुलगा मामलेदाराच्या किंवा वकिलाच्या कचेरीत बिनपगारी जाऊन बसे. नकला कराव्या, दप्तरे बांधावी, कारकुनाच्या घरची भाजी आणावी, आणि एखादी जागा रिकामी होईल म्हणून वाट पाहावी. पुष्कळांची वाट पाहण्यातच चार-पाच वर्षे जात. आमच्या मराठवाड्यात तर निजामी अंमल. कारभाराची भाषा उर्दू. येथल्या मराठी मुलाने उमेदवारी करावयाची म्हणजे आधी परक्या लिपीची उमेदवारी करावयाची, मग साहेबाची. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ मॅट्रिकनंतर पुढे शिकू शकले नाहीत. बांधकाम खात्याच्या कारकुनीत त्यांचे आयुष्य गेले आणि १९५३ साली चाळिशीतच ते वारले. कारकुनीच्या त्या खुर्चीकडे जाणारी वाट किती अरुंद होती, हे त्या पिढीकडून ऐकलेले आहे.

सुताराच्या, शिंप्याच्या, सोनाराच्या हाताखाली पोरे राहत, तीही उमेदवारीच. पण त्या दोहोंत फरक आहे. शिंप्याकडचा पोरगा आधी काजे करी, मग तुरपाई, मग मापे घेई, आणि एक दिवस उस्ताद त्याच्या हाती कात्री देई. कात्री हाती आली की शिकणे संपले, हे साऱ्या गल्लीस कळत असे. कचेरीतल्या उमेदवाराच्या हाती कात्री कधी यावयाची, हे मात्र साहेबाखेरीज कोणास ठाऊक नसे.

स्वतंत्र भारतात या पहिल्या प्रकारच्या उमेदवारीसाठी कायदा झाला, तो १९६१ चा. सरकारी मराठीत त्यातल्या मुलास 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. जुना शब्द सरकारने टाकला नाही, ही मौज आहे. धंदा कोणता, मुदत किती, वर्गात काय शिकवायचे, शेवटी परीक्षा कोणती, हे त्यात ठरलेले असते. त्याच कायद्यात आणखीही दोन गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. हा मुलगा शिकणारा आहे, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्यास मालक बांधलेला नाही. परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे तोवर या दोन गोष्टी चालून जातात. ती दोन्ही काढून घेतली म्हणजे खाली काय उरते, हे पुढे येईलच.

आता दुसरी वाट पाहू. ती कचेरीची नव्हे, खडीची आहे.

गरिबास फुकट द्यावयाचे नाही, काम करवून घेऊन द्यावयाचे, हा विचार इंग्रजांनी इकडे पक्का रुजवला. १८३४ च्या त्यांच्या देशातल्या कायद्याने गरिबासाठी कामाची घरे काढली होती, आणि तेथले जिणे बाहेरच्या हलक्यात हलक्या मजुरापेक्षाही कष्टाचे ठेवले होते. म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल! १८७६-७८ च्या दुष्काळात हाच हिशेब दख्खनेत आला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. कामेही मुद्दाम गावापासून लांब काढीत, कारण जो इतके चालून येईल तोच खरा उपाशी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची हकीकत गोळा करून सरकारास अर्जांवर अर्ज धाडले. आणि मुंबई इलाख्यात हजारो मजूर ती मजुरी नाकारून कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनी अन्न देणारे काम सोडून जावे, ही केवढी गोष्ट! आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला पुरते एक पानही मिळत नाही. मी वर्गात सांगतो तेव्हा मुले विचारतात, "मग ते जेवले काय?" याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

स्वातंत्र्यानंतर ही वाट महाराष्ट्रात वेगळीकडे वळली, आणि त्याचा अभिमान मला आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानले तर काय होईल, याचा प्रयोग १९६५ साली त्यांच्याच तालुक्यात झाला. १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने ती योजना म्हणून राज्यभर घेतली, आणि त्याच वर्षी तो दुष्काळ कोसळला.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. आमचे दादा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. रस्त्याच्या कडेला खडी फोडण्याच्या कामावर ते आईबरोबर जात. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, या दोन चवी त्यांच्या जिभेवरून कधी गेल्या नाहीत. सुकडीचे नाव काढले की अजून ते तोंड फिरवतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. त्या हातांनी केलेले पुष्कळ काही आजही उभे आहे. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर बेकारभत्ता. भत्ता दिवसाला रुपया होता, पण तो हक्काचा होता. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, आणि जितका कर तितकीच भर सरकारने घालावयाची असे ठरले. माझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये त्या नावाने कापले जातात. शाळेतले सहकारी त्यावर कुरकुर करतात. मी करीत नाही. दादांनी फोडलेल्या खडीचे ते व्याज आहे असे समजतो.

परंतु त्या कायद्यात एक अट होती. काम अंगमेहनतीचे आणि बिनकसबी. लिहितावाचता येणाऱ्यास तो कायदा नाही म्हणत नव्हता. कुदळ घे आणि ये, एवढेच म्हणत होता. मॅट्रिक होऊन बसलेल्या पोराला कुदळीची लाज वाटते, हा दोष कोणाचा, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला एवढेच दिसते की, आईबापांनी खडी फोडून त्याला शिकवले ते खडी फोडण्यासाठी नव्हे.

आणि याच जिल्ह्याने त्याची किंमत मोजली. १९७२ च्या मे महिन्यात परभणीस कृषी विद्यापीठ झाले. मराठवाड्यात शिकलेल्या पोरांची संख्या वाढत होती, नोकऱ्या वाढत नव्हत्या, आणि ज्या निघत त्यांत येथल्यांना डावलले जाते ही भावना तीव्र होती. १९७४ च्या फेब्रुवारीत वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दोन तरुण गेले. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ते आमच्या परभणीतच होते. त्यातून मराठवाडा विकास आंदोलन पेटले. गोविंदभाई श्रॉफ त्याच्या अग्रभागी होते. वर्षभरात मुख्यमंत्री नाईक पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाणांच्या रूपाने मराठवाड्यास पहिला मुख्यमंत्री मिळाला. ज्या नाईकांनी कुदळवाल्यास काम देण्याची हमी दिली, त्यांच्याच कारकीर्दीत लेखणीवाला गोळी खाऊन पडला, ही नियतीची चाल कोणा कादंबरीकाराने रचली असती तर मी तीस बनावट म्हटले असते. परभणीच्या विद्यापीठाला आज नाईकांचेच नाव आहे. वसमतच्या त्या दोन पोरांची नावे माझ्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नाहीत.

आंदोलनाने विकास मंडळाची मागणी केली, रेल्वेचा रूळ रुंद करण्याची केली, बरेच काही पुढेमागे पदरात पडले. पण शिकलेल्यास कामाचा हक्क, ही गोष्ट कायद्यात आली नाही. त्याच्या वाट्यास सेवायोजन कार्यालयातले कार्ड आले. आमच्या पिढीने तेही काढले. परभणीस जाऊन रांगेत उभे राहून ते वेळोवेळी ताजे करून आणायचे, आणि बोलावणे येण्याची वाट पाहायची. पुन्हा उमेदवारीच, फक्त ओसरी बदलली.

२००० च्या सुमारास सरकारास एक नवी युक्ती सापडली. शिक्षक हवे आहेत, पण पगार द्यावयास पैसे नाहीत. तर त्यास शिक्षक म्हणू नये. 'शिक्षणसेवक' म्हणावे, तीन वर्षे मानधनावर ठेवावे, मग पाहावे. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. वर्ग तोच, पट तोच, परीक्षेचे पेपर तेच. नाव तेवढे निराळे. २०२३ साली ते मानधन १६,००० झाले, पण शिक्षणसेवक हा शब्द राहिलाच. त्याच सुमारास तांड्यांवर आणि वाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तेथे शिकवणाऱ्यास तर सेवकही म्हटले नाही. तो 'स्वयंसेवक', आणि त्यास दरमहा १,००० रुपये.

मी त्यातला एक. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर वयाच्या विशीत एका तांड्यावर उभा राहिलो. झाडाखाली फळा, अठरा मुले, त्यांतली निम्मी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी. ते हजार रुपयेही दरमहा येत नसत. एकदा सात महिन्यांचे एकदम आले, तेव्हा कोणत्या कचेरीत किती खेटे घातले होते ते आता सांगण्यात अर्थ नाही. माझा राग पैशावर नव्हता. एका तपासणीस आलेल्या साहेबाने मला सर्वांसमक्ष म्हटले, "तुम्ही काही शिक्षक नाही, हे ध्यानात ठेवा." मागे फळ्यावर माझ्याच अक्षरात बाराखडी होती. पुढे २०१४ साली सरकारने वस्तीशाळेच्या शिक्षकांस नियमित केले. तोवर कितीजणांची उमेद संपून ते मुंबई-पुण्याकडे पहारेकरी म्हणून निघून गेले होते.

वाचक म्हणतील, गुरुजी आपलेच रडगाणे लावीत आहेत. ते खरे मानले तरी प्रश्न राहतोच, की शिकणे कोठे संपते आणि राबणे कोठे सुरू होते? सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न याच रूपात आला नाही, पण त्याच्या सख्ख्या भावाचा निकाल लागला आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांची बांधकामे चालू असताना तेथल्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्या. भगवती यांनी सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी दराने कोणी काम करीत असेल तर ते भुकेच्या सक्तीने करतो, आणि ती घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठच होय. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांचा खटला आला. तेथे सरकारचे म्हणणे, हे तर मदतकार्य. येथे पुरे वेतन कसले? न्यायालयाने ते मानले नाही. मदत म्हणून दिलेले काम असले तरी ते काम आहे, आणि त्यातून रस्ता होतो, तो रस्ता लोक वापरतात. टेंपलसाहेबाच्या एका पौंडाचा हिशेब शंभराहून अधिक वर्षांनी असा मोडला.

बाहेरच्या देशांतही हे भांडण चालून गेले आहे. आयर्लंडात मंदी आल्यावर २०११ साली 'जॉबब्रिज' नावाची योजना निघाली. सरकारकडून बेकारीचा भत्ता घेणाऱ्याने कंपनीत उमेदवारी करावी, भत्त्यावर आठवड्यास ५० युरो जास्त घ्यावे. कंपनीच्या खिशातून काही जात नसे. मग खरे नोकर ठेवावयाच्या जागीही लोक फुकटचा उमेदवार मागू लागले, असा आरोप वाढत गेला आणि २०१६ साली ती बंद झाली. इंग्लंडात तर भूशास्त्राची पदवी घेतलेली एक मुलगी स्वखुशीने एका संग्रहालयात काम करीत होती. तिला ते सोडायला लावून स्वस्त वस्तूंच्या दुकानात फळ्या लावायला पाठवले, आणि नकार दिल्यास भत्ता जाईल असे भासवले. ती न्यायालयात गेली. २०१३ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने योजनेचे नियम बेकायदा ठरवले, पण याला वेठ मात्र म्हटले नाही. आपल्या १९८२ च्या न्यायाधीशांनी वेठीची व्याख्या त्यांच्याहून पुष्कळ पुढे नेली होती, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

आपल्या लाडक्या भावावर तशी सक्ती नाही, हे कबूल केले पाहिजे. तो आपल्या पायांनी येतो. त्याला शिकायलाही काही मिळते. आमच्या शेजारचा मुलगा सहा महिन्यांत तक्ते भरायला, इंग्रजी पत्राचा अर्थ लावायला आणि म्हाताऱ्यांशी न चिडता बोलायला शिकला. हे थोडे नाही. पण एके दिवशी मी पाटीवर हिशेब केला. बारावीवाल्याचे ६,००० रुपये महिन्याच्या बावीस दिवसांवर वाटले तर दिवसाला २७३ पडतात. सव्वीस दिवस धरले तर २३१. त्याच २०२४-२५ सालात राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातल्या मजुरास दिवसाला २९७ रुपये ठरलेले होते. म्हणजे बारा वर्षे शाळेत घालवून सावलीत बसलेल्याची किंमत उन्हात मातीची पाटी उचलणाऱ्यापेक्षा कमी. मजुरास कमी द्या असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्याला २९७ सुद्धा थोडेच आहेत. एकाच्या पाठीशी कायदा होता, दुसऱ्याच्या पाठीशी 'प्रशिक्षण' हा शब्द होता, एवढाच अर्थ मला त्या पाटीवर वाचता आला.

मुलाला मी तो हिशेब दाखवला नाही. त्याच्या आईने पहिल्या सहा हजारांत घरावरचे पत्रे बदलले होते.

सहा महिने संपले. ठिकठिकाणच्या प्रशिक्षणार्थींनी आरडाओरडा केला, मोर्चे निघाले, आणि २०२५ साली मुदत पाच महिन्यांनी वाढली. अकरा महिने झाल्यावर पुन्हा तेच. आम्हांला कायम करा, म्हणून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत पोरे जाऊन आली. सरकारचे उत्तर तयार होते: ही नोकरी नव्हतीच. कागद पाहिले तर ते खोटे नाही. १९६१ च्या कायद्यातले तेच दोन मुद्दे, कामगार नव्हे आणि नोकरी देण्यास बांधील नाही. मात्र त्यातली परीक्षा आणि धंदा वगळलेला.

आमचा मुलगाही मुंबईस गेला होता. परत आला तो घसा बसवून. "काय झालं?" विचारले तर म्हणाला, "काही नाही सर. फोटो काढले, घोषणा दिल्या, रात्रीच्या गाडीनं आलो." आता तो परभणीत एका मोबाइलच्या दुकानात बसतो. अनुभवाचे प्रमाणपत्र त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहे. दुकानदाराने ते मागितले नाही.

शिकणे आणि राबणे यांतला फरक ओळखण्याची माझी एक खेडवळ रीत आहे. शिकणारा एक दिवस आला नाही तर त्याचे नुकसान होते. राबणारा आला नाही तर कचेरीचे होते. मागल्या महिन्यात मी आमच्या शाळेच्या एका विद्यार्थ्याच्या रहिवासी दाखल्यासाठी शेजारी गेलो. दाराशी चार बायका, दोन म्हातारे थांबलेले. कॉम्प्युटर चालू होता, पण पुढचे पान उघडेना. ग्रामसेवकांनी मान वर करून मला विचारले, "गुरुजी, त्या पोराचा नंबर आहे का हो तुमच्याकडे? पासवर्ड त्यालाच ठाऊक."

नंबर होता. मी लावून दिला. तिकडून दुकानातला गलका ऐकू येत होता. त्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितले आणि एकेक अक्षर सावकाश सांगितले. ग्रामसेवकांनी ते कागदावर उतरवून घेतले. मग त्याने विचारले, "सर, दाखला कुणाचा होता?" मी नाव सांगितले. तो म्हणाला, "त्याच्या आडनावात चूक पडलेली आहे बघा जुन्या नोंदीत. तेवढी आधी दुरुस्त करा म्हणावं."